स्पर्शाची साक्ष आणि पाऱ्याचा दाखला

प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात ‘तापमान मोजणे’ हा पाठ इतक्या किरकोळ जागी येऊन बसलेला असतो, की शिक्षक तो एकदोन तासिकांत उरकतात आणि तपासणीला आलेले साहेबही त्याविषयी सहसा काही विचारीत नाहीत; काचेची नळी कशी धरावी, डोळा स्तंभाच्या पातळीशी कसा आणावा, अंश कसे वाचावेत, एवढे सांगून झाले की पाठ संपला, असे समजण्याचा शिरस्ता आहे. परंतु या पाठात मुलाच्या आयुष्यात प्रथमच घडणारी एक घटना दडलेली आहे आणि तत्त्वजिज्ञासूने तिच्याकडे दुर्लक्ष करावे हे मला उचित वाटत नाही. लांबी मोजायला शिकणाऱ्या मुलाला त्याचा डोळा जे सांगत होता तेच फूटपट्टी अधिक काटेकोरपणे सांगते. हाताने जोखलेले वजन आणि तराजूने तोललेले वजन यांच्यातही सहसा कलह उद्भवत नाही. उष्णतेच्या बाबतीत मात्र शाळा त्या बालकाला म्हणते, की तुझी त्वचा तुला जे निःसंशयपणे सांगत आहे ते या काचेच्या नळीपुढे टिकणार नाही. आपल्या स्वतःच्या देहाची साक्ष एका निर्जीव वस्तूच्या दाखल्यापुढे नामंजूर होताना ते मूल पहिल्यांदाच पाहत असते. हा निवाडा न्याय्य आहे काय, आणि असल्यास तो कोवळ्या वयाच्या मुलाला कोणत्या रीतीने ऐकवावा, हा प्रश्न अध्यापनपद्धतीचा जितका आहे तितकाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

तीन पातेल्यांचा प्रयोग सर्वपरिचित आहे. एका पातेल्यात सोसवेल इतके ऊन पाणी घ्यावे, दुसऱ्यात माठातले गार पाणी घ्यावे आणि मधल्यात त्या दोहोंचे मिश्रण करून ठेवावे. मुलाने उजवा हात ऊन पाण्यात व डावा गार पाण्यात थोडा वेळ बुडवून मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घालावेत. उजवा हात म्हणतो पाणी गार आहे, डावा म्हणतो ऊन आहे. एकाच पाण्याविषयी, एकाच क्षणी, एकाच देहाचे दोन अवयव परस्परविरुद्ध जबानी देतात. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानवी आकलनावरील ग्रंथात याच अनुभवाचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले, की उष्णता आणि शीतलता हे पाण्याचे स्वतःचे गुण नव्हेत. सूक्ष्म कणांच्या गतीमुळे आपल्या ठायी उत्पन्न होणाऱ्या त्या संवेदना होत. पुढे १७१३ मध्ये जॉर्ज बर्क्ली याने हेच उदाहरण हाती घेतले आणि लॉकच्याही पुढे जाऊन, तीव्र उष्णता वेदनेपासून वेगळी काढता येत नाही व वेदना तर मनाबाहेर कोठे राहू शकत नाही, तेव्हा उष्णताही मनाबाहेर नाही, असा सिद्धान्त मांडला. बाह्य जगाचे अस्तित्वच शंकास्पद ठरावे इतक्या दूर हा विचार गेला, आणि त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम होता पाण्याचे एक भांडे.

लॉकच्या निष्कर्षाचा काही भाग मला मान्य आहे; परंतु इंद्रिये फसवतात, हात खोटे सांगतो, म्हणून तापमापी लागते, असे जे सुटसुटीत तात्पर्य मुलांना पाठ करावयास दिले जाते, ते मला साफ अमान्य आहे. हात खोटे बोललेला नसतो. त्वचेखालच्या मज्जातंतूंना पाण्याचे तापमान ठाऊक नसते आणि ते ठाऊक असणे हे त्यांचे कामही नव्हे. त्वचा स्वतः किती तापत वा निवत आहे आणि हा बदल किती त्वरेने होत आहे, एवढ्याचीच खबर ते मेंदूकडे रवाना करतात. ऊन पाण्यातून आलेल्या हातातील उष्णता मधल्या पाण्यात खरोखरच ओसरत असते आणि गार पाण्यातून आलेल्या हातात ती खरोखरच शिरत असते. म्हणजे दोन्ही हातांची जबानी खरी आहे. ज्याच्या त्याच्यापुरते जे घडले ते त्याने सांगितले. चूक होते ती पुढे, ‘माझ्यातून उष्णता जात आहे’ एवढ्याच जबानीवरून आपण ‘पाणी गार आहे’ असा फैसला देऊन टाकतो तेव्हा. हा भेद लहान मुलाला कसा कळावा, अशी हरकत कोणी घेईल. परंतु ‘तुझ्या हाताला काय वाटले?’ आणि ‘पाणी कसे आहे?’ हे दोन प्रश्न बाईंनी निरनिराळे विचारले, आणि पहिल्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर चूक ठरवले नाही, तर पाच-सहा वर्षांचे मूलही त्यांतील अंतर ओळखू लागते, असा माझा विश्वास आहे. ज्या मुलाची जबानी खोटी ठरवली जाते ते दोनपैकी एका मार्गाने जाते: एक तर ते नळीवर विश्वास ठेवीत नाही आणि परीक्षेपुरते तिचे म्हणणे लिहून देते, नाही तर ते स्वतःवरचा विश्वास गमावते. दुसरा मार्ग अधिक घातक आहे.

आपल्याकडील नैयायिकांनी इंद्रियांच्या अधिकारक्षेत्राची जी मांडणी करून ठेवली आहे, तिचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा संस्कृत पाठशाळांत तर्काचे पहिले पुस्तक म्हणून पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. त्यात स्पर्श हा गुण शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत असा त्रिविध मानला आहे: जलाचा स्पर्श शीत, तेजाचा उष्ण, पृथ्वी आणि वायू यांचा ना उष्ण ना शीत, आणि तापलेल्या पाण्यात जाणवणारी उष्णता ही पाण्याची नसून त्याच्याशी संयोग पावलेल्या तेजाची. ही द्रव्यव्यवस्था आजच्या पदार्थविज्ञानाने केव्हाच मागे टाकली आहे आणि तिला ओढूनताणून आधुनिक ठरवण्याची मला मुळीच हौस नाही. पण त्या शास्त्रातील एक भेद मला आजही मोलाचा वाटतो. रूप केवळ डोळ्याला कळते, शब्द केवळ कानाला, आणि स्पर्श केवळ त्वचेला. याउलट संख्या आणि परिमाण यांचे ज्ञान डोळा व त्वचा या दोन्ही इंद्रियांना होऊ शकते. दृष्टी नसलेला मनुष्य बोटांनी जपमाळेचे मणी मोजतो आणि डोळस मनुष्य ते पाहून मोजतो, आणि दोघांची संख्या एकच येते. तापमापी जे करते ते या भेदाच्या प्रकाशात स्पष्ट दिसते: एकट्या त्वचेच्या अखत्यारीत असलेली गोष्ट ती संख्या व परिमाण यांच्या दप्तरी दाखल करते. माझी थंडी मला तुझ्या हाती देता येत नाही. नळीतील स्तंभाची उंची मात्र तू, मी आणि वर्गातली सारी मुले एकत्र उभे राहून पाहू शकतो.

अर्थात डोळ्याला उष्णता दिसली असे मात्र नव्हे. डोळ्याला दिसला तो स्तंभ. उष्णतेचे त्यावरून अनुमान झाले, जसे धूमावरून वह्नीचे होते. आणि अनुमान म्हटले की व्याप्ती आली, म्हणजे जेथे जेथे उष्णता वाढते तेथे तेथे द्रव प्रसरण पावतो हा नियम अव्यभिचारी असला पाहिजे. येथे एक सुंदर अडचण उपस्थित होते, आणि थोड्या मोठ्या मुलांपुढे ती अवश्य ठेवावी. पाणी हा आपल्या सर्वांत परिचयाचा द्रव. मग नळीत पाणीच का भरू नये? तर शून्य अंशापासून चार अंशांपर्यंत तापवले असता पाणी प्रसरण न पावता आकुंचन पावते, आणि पुढे प्रसरण पावू लागते. म्हणजे स्तंभाची एकच उंची दोन निरनिराळ्या तापमानांना लागू पडेल. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. पाऱ्याने ही साक्ष शतकानुशतके इमानाने दिली, पण तो विषारी असल्याने मुलांच्या हाती तांबड्या मद्यार्काची नळीच द्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते की बाहेरून सिद्ध करावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील प्रसिद्ध वाद होय. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण असते. पुढे त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान उपस्थित झाले तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांच्या मते ज्ञान आधी होते आणि त्याचे खरेपण मागाहून, इतर साधनांनी, पडताळावे लागते. प्रत्येक मूल जन्मतः मीमांसक असते असे मला वाटते. त्याला जे गार लागले ते गारच असते, आणि त्याचा हा विश्वास म्हणजे अज्ञान नव्हे. त्याच विश्वासावर ते चालायला शिकले, चटका बसताच हात मागे घ्यायला शिकले, थंडीत आईच्या कुशीत शिरायला शिकले. शाळेने त्याला एका दिवसात नैयायिक करू नये. त्याच्या हातांनीच बाधक ज्ञान त्याच्यापुढे आणावे, आणि मग पडताळ्याची गरज त्याच्याच मनात उत्पन्न होईपर्यंत थांबावे.

थांबण्याचे हे शास्त्र मारिया मॉन्टेसरीबाईंना अवगत होते. त्यांच्या साधनांत उष्णतेची दोन साधने आहेत, आणि दोहोंतही अंशांचा आकडा कोठे नाही. एकात धातूच्या छोट्या बाटल्यांत कमीअधिक ऊन पाणी भरलेले असते आणि मुलाने केवळ हातांनी चाचपून सारख्या बाटल्यांच्या जोड्या लावावयाच्या असतात. दुसऱ्यात लाकूड, लोखंड, काच, नमदा, संगमरवर अशा निरनिराळ्या पदार्थांच्या फळ्या असतात, ज्यांना डोळे मिटून स्पर्श करावयाचा असतो. मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात येथेच राहिल्या; पण त्यांच्या पद्धतीचा विचार आपल्याकडे त्यापूर्वीच रुजू लागला होता. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, ती पद्धत खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांतील मुलांपर्यंत नेली. परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांवाचून अडून न बसता भोवतालच्या वस्तूंतूनच साधने घडवावीत, हा त्यांचा आग्रह होता, आणि उष्णतेच्या पाठाला तो जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

कारण या पाठाची साधने प्रत्येक घरात आहेत. पौष महिन्यातल्या सकाळी रात्रभर एकाच खोलीत राहिलेला पितळेचा रिकामा तांब्या आणि लाकडी पाट यांना मुलाने हात लावावा. तांब्या गार लागतो, पाट तितका गार लागत नाही. आता दोहोंना तापमापीचा फुगा टेकवून, वरून फडके दाबून, पुरेसा वेळ ठेवावा: आकडा सारखाच येतो. मोठ्यामोठ्या माणसांनाही हे पहिल्या प्रथम पटत नाही. ते फडके नीट दाबले नसेल अशी शंका काढतात. पितळ हाताची उष्णता झरझर ओढून घेते, लाकूड ती सावकाश घेते, म्हणून एकसारखी निवालेली दोन द्रव्ये हाताला दोन प्रकारची भासतात. तीन पातेल्यांत एक वस्तू दोन हातांना दोन प्रकारची भासली होती; येथे दोन सारख्या वस्तू एकाच हाताला दोन प्रकारच्या भासतात, आणि या दोन प्रयोगांच्या मध्ये मुलाला पुष्कळ दिवस राहू द्यावे. मग गोधडीचा प्रश्न काढावा. गोधडी ऊबदार असते, हे ज्या मुलाला पक्के ठाऊक आहे ते घडी करून ठेवलेल्या गोधडीत तापमापी सरकवून ठेवील आणि स्तंभ वर चढण्याची वाट पाहील. स्तंभ चढत नाही. याच मुलाला विचारावे, की दोन बशांत बर्फाचे सारखे खडे ठेवले आणि एक बशी गोधडीत गुंडाळली, तर कोणता खडा आधी वितळेल? गोधडीतला, असे ते बहुधा सांगेल. आणि बाहेरचा वितळून गेल्यावरही गोधडीतला शिल्लक पाहून त्याला जे वाटेल त्याला विस्मय हेच नाव द्यावे लागेल. बर्फवाला आपली लादी तागाच्या पोत्यात आणि लाकडाच्या भुश्यात का गुंडाळतो, हे त्या मुलाला मग कोणी सांगावे लागत नाही. गोधडी उष्णता देत नाही, ती अडवते. ऊब ही त्या मुलाचीच होती, त्याच्याच देहाची, आणि गोधडीने ती त्याला परत केली. बालकाच्या मनात ‘मी’ आणि ‘जग’ यांच्यातील सीमारेषा कोठून जाते या प्रश्नाला इतका प्रत्यक्ष स्पर्श करणारा दुसरा पाठ शाळेत नाही.

आकड्यांची घाई केली असता काय होते, याविषयी इस्राएलमधील सिडनी स्ट्रॉस आणि रूथ स्ताव्ही या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केलेले काम मला फार उद्बोधक वाटते. सारखेच गार असलेल्या दोन पेल्यांतील पाणी तिसऱ्या पेल्यात एकत्र ओतले तर ते कसे असेल, असे त्यांनी मुलांना विचारले. अगदी लहान मुले म्हणाली, तसेच असेल. त्याहून थोड्या मोठ्या मुलांपैकी पुष्कळांनी सांगितले, की पाणी दुप्पट झाले म्हणून ते अधिक गार होईल. आणि वय आणखी वाढल्यावर मुले पुन्हा बरोबर उत्तराकडे आली. याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हाच प्रश्न अंशांच्या भाषेत विचारला, म्हणजे दहा अंशांचे पाणी दहा अंशांच्या पाण्यात ओतले तर किती अंश, असा विचारला, तर शब्दांत बरोबर उत्तर देणारी मुलेही बेरीज करून वीस सांगू लागली. आकडा समोर आला की मुलाला वाटते, बेरीज केलीच पाहिजे. शाळेने तोवर त्याला आकड्यांचे दुसरे काही प्रयोजन शिकवलेले नसते. मात्र दोन कोमट पाणी एकत्र केल्याने कढत पाणी होत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. येथे त्वचा शहाणी आणि संख्या अडाणी ठरली आहे! वजन, लांबी, पैसा यांची बेरीज होते. तापमान हे राशीचे मोजमाप नव्हे, स्थितीचे आहे, आणि स्थितीची बेरीज होत नाही. हा सूक्ष्म सिद्धान्त पाच वर्षांच्या मुलाने आपल्या बोटांत सांभाळलेला असतो आणि आपण त्याच्या हाती घाईने पट्टी देऊन तो घालवतो. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की तापमापीवर आरंभी अंशांची पट्टीच असू नये. कोऱ्या नळीशेजारी कागदाची कोरी पट्टी चिकटवून मुलांनी स्वतःच खुणा कराव्यात: बर्फाच्या पाण्याची, माठाची, सकाळच्या वर्गाची, दुपारच्या वर्गाची, स्वतःच्या मुठीची.

अशा खुणा करणारी मुले इतिहासाच्याच वाटेने चालत असतात. फॅरनहाइटने १७२४ साली बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य म्हटले आणि निरोगी मनुष्याच्या देहाला ९६. सेल्सियसने १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर दिले, आणि त्याची ती उलटी पट्टी लवकरच सुलटी करण्यात आली. आपल्या घरांत अजून दोन्ही पट्ट्यांचा अंमल चालतो: वर्तमानपत्रातला उकाडा सेल्सियसचा आणि बहुतेकांच्या अंगातला ताप फॅरनहाइटचा. दादाला १०१ ताप आहे आणि बाहेर ४० आहे, मग दादा रस्त्यापेक्षा तापलेला आहे का, असे धाकट्या बहिणीने विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. दादाचा ताप ३८ च्या थोडा वर आहे आणि रस्त्यावरची हवा त्याहून तापलेली आहे, हे तिला सांगितल्यावर ती आणखी खोल प्रश्न विचारील, की मग आकडा खरा कोणाचा. आकडे माणसांनी ठरवले. बर्फाचे वितळणे माणसांनी ठरवलेले नाही. ठरवलेली गोष्ट खोटी असते असे नाही आणि खरी गोष्ट ठरवल्यावाचून बोलता येत नाही, हा व्यावहारिक सत्याचा सिद्धान्त तिच्या वयाला पेलणारा आहे, फक्त तो उदाहरणाच्या अंगाने यावा.

धर्मदृष्टीने पाहता या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण आणि सुख-दुःख ही द्वंद्वे एकाच ओळीत येतात. इंद्रियांचा विषयांशी होणारा संपर्क ती निर्माण करतो, ती येतात आणि जातात, ती सहन कर, असा तेथे अर्जुनाला उपदेश आहे. तापमापीने या जोडीची ताटातूट केली आहे. तिने उष्णतेतून दुःख वेगळे काढले आणि उरलेल्या उष्णतेला अंश दिले. यात मोठा लाभ आहे. पण दुःख वेगळे काढले म्हणजे ते नाहीसे झाले नव्हे. वेधशाळेत तापमापी पांढऱ्या, फटींच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवतात, आणि ते योग्यच आहे. कारण तापमापीला फक्त स्वतःचेच तापमान ठाऊक असते, आणि उन्हात ठेवल्यास हवेऐवजी ऊन पिऊन तापलेल्या स्वतःच्याच काचेविषयी ती सांगत राहील. परंतु मे महिन्यात चंद्रपुरास किंवा नागपुरास पारा ४५ अंशांवर गेल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा तो आकडा सावलीतील हवेचा असतो. रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर सावलीत नसतो, आणि त्याच्या पायांखालचा रस्ता ४५ अंशांवर थांबलेला नसतो. वातानुकूलित कचेरीतला मनुष्य आणि तो मजूर दोघेही तोच आकडा वाचतात. सहन कर हा उपदेश स्वतःला करण्याचा आहे. आकड्याकडे बोट दाखवून तो दुसऱ्याला करणे अधर्म होय. म्हणून तापमान वाचायला शिकलेल्या मुलाने प्रत्येक आकड्याला दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: कोठले, आणि तेथे कोण उभे आहे? शाळेच्या आवारात एकाच दुपारी व्हरांड्यात, झाडाखाली, पत्र्याच्या छपराखाली आणि उघड्या मैदानाच्या मातीत चार ठिकाणी तापमापी ठेवून मुलांनी आकडे लिहावेत, आणि त्याच चार जागी थोडा थोडा वेळ स्वतः उभे राहून काय वाटले तेही लिहावे. माझ्या मते दयेचा पाठ याहून चांगला देता येत नाही.

शेवटी नळीचीही रुजुवात झाली पाहिजे. शाळेत दोन तापमाप्या असल्या की त्यांत एखाद्या अंशाचा फरक पडतोच आणि एखादे मूल विचारतेच, की बाई, यांतली खरी कोणती? दोन्ही बर्फाच्या चुऱ्यात खोचाव्यात. जी शून्यावर थांबेल ती विश्वासाची, आणि दुसरीचा फरक चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवावा. उकळत्या पाण्याची कसोटी तितकी सोपी नाही, कारण हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरी ते सुमारे ९५-९६ अंशांवरच उकळू लागते, आणि हा दाबाचा परिणाम सेल्सियसनेही ध्यानात घेतला होता. मग बर्फाची कसोटी कोणी घ्यावी, आणि त्या कसोटीची कोणी, अशी अनवस्था सुरू होते. वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या आरंभीच तिला उत्तर देऊन ठेवले आहे: ज्ञानाच्या आधारे केलेली प्रवृत्ती सफल झाली, की त्या ज्ञानाला अर्थवत्ता आली. दुधाला विरजण लावताना आजी करंगळी बुडवून पाहते आणि ‘आता लाव’ म्हणते. त्या क्षणी दुधाचे तापमान मुलाने मोजून लिहावे. दुसऱ्या दिवशी, आजीला न विचारता, त्याच अंशावर दुसऱ्या भांड्यात त्याने स्वतः विरजण लावावे. एखादे दिवशी करंगळी चुकेल, एखादे दिवशी नळी, आणि एखादे दिवशी विरजणच आंबट असेल. अशा मुलाच्या नोंदवहीत तीन रकाने आखून द्यावेत: हाताला काय वाटले, नळीने काय सांगितले, आणि दही कसे लागले, आणि तिसरा रकाना भरल्यावाचून पहिल्या दोहोंतील कोणत्याही नोंदीवर बाईंनी बरोबर किंवा चूक अशी खूण करू नये.